टक्के नको, रुपये सांगा : वाचकांचे पैशाचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत कर्ज, ठेव आणि खरेदी असे तिन्ही विषय आहेत. काही प्रश्न सगळ्याच मराठी वाचकांना पडतील असे आहेत. काही मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात राहणाऱ्यांनाच पडतात, कारण इथला माणूस खरेदी कोल्हापुरात करतो आणि कागद कर्नाटकात करतो.

प्रश्न : मुलाला उद्यमबागेत कामाला जाण्यासाठी दुचाकी घ्यायची आहे. ८० हजार कर्ज लागेल. शोरूममधला फायनान्सवाला ९ टक्के म्हणतो, आमच्या बँकेत १२ टक्के सांगितले. शोरूमचेच घ्यावे ना? (येळ्ळूर)

आधी एकच गोष्ट विचारा : हे ९ टक्के ‘फ्लॅट’ आहेत का? बहुतेक ‘हो’ असेच उत्तर येईल. फ्लॅट दरात तीन वर्षांचे व्याज पूर्ण ८० हजारांवर धरतात. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पण व्याज कमी झालेल्या मुद्दलावर मोजले जात नाही. बँकेच्या १२ टक्क्यांत ते शिल्लक मुद्दलावरच मोजतात.

३६ महिन्यांचा हिशेब मांडू. फ्लॅट ९ टक्क्यांनी वर्षाला ७,२०० याप्रमाणे तीन वर्षांचे व्याज २१,६०० रुपये, म्हणजे हप्ता सुमारे २,८२२. बँकेचा १२ टक्क्यांचा हप्ता सुमारे २,६५७ आणि तीन वर्षांचे एकूण व्याज साधारण १५,६६० रुपये. ९ टक्क्यांचे कर्ज जवळपास सहा हजारांनी महाग पडले. शिल्लक मुद्दलाच्या हिशेबाने त्याचा खरा दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास जातो.

आणि यात शुल्क अजून धरलेच नाही. प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, कर्जासोबत गळ्यात घातलेला विमा, पहिला हप्ता आगाऊ, हे सगळे कर्जाच्या रकमेतून आधीच कापले जाते. कर्ज ८० हजारांचे, हातात ७४ हजार आणि व्याज मात्र ८० हजारांवर, असे होते. म्हणून टक्के ऐकून घ्या, पण निर्णय दोन आकड्यांवर करा : माझ्यासाठी प्रत्यक्ष किती रुपये शोरूमला जाणार, आणि माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार.

हे आकडे कागदावर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी अशा कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (केएफएस) द्यायचे असते. त्यात ‘एपीआर’ म्हणजे सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर आणि हप्त्यांचा तक्ता असतो. टक्क्यांत तुलना करायचीच तर ती फक्त या एपीआरची करा. कर्जदाराला समजेल अशा भाषेत हा कागद द्यावा असाही नियम आहे, तेव्हा तो मराठीत मागायला संकोच नको. केएफएस मिळाल्यावर त्यातल्या अटी निदान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात. ‘आजच सही करा, उद्या ऑफर संपेल’ या घाईला म्हणूनच बळी पडू नका. त्यात न लिहिलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मध्येच लावता येत नाही.

शोरूमचे कोटेशनही ओळीओळीने वाचा. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर आणि नोंदणी, विमा या तीन ओळी आवश्यक. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीचा आहे, पण विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. ‘हँडलिंग’, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीजचा संच या ओळींवर बोट ठेवून ‘हे काढा’ म्हणा. कर्ज फिटले की त्याच आठवड्यात कंपनीकडून एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा (नोंदणीपत्रावरचा) बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवा. हे राहिले की गाडी विकताना अडते, आणि तोवर कंपनीची ती शाखा जाग्यावर असेलच असे नाही.

प्रश्न : शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. हाती १४ लाख आहेत. बँकेत ७ टक्के मिळतात, आमच्या ओळखीच्या सौहार्द सोसायटीत साडेदहा. चेअरमन घरचेच आहेत. ठेवावे का? (खानापूर)

गुरुजी, हे निवृत्तीचे पैसे आहेत, पुन्हा कमावता येणार नाहीत. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आपल्याकडे गल्लीगल्लीत सोसायटी आहे आणि पासबुक, काउंटर, लॉकर पाहून ती बँकच वाटते. कायद्याने तसे नाही. सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि तिथल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे (डीआयसीजीसी) संरक्षण असते. सौहार्द सहकारी संस्था १९९७ च्या कर्नाटक सौहार्द कायद्याखाली, साध्या पतसंस्था १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याखाली आणि ‘मल्टिस्टेट’ (एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या) संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदलेल्या असतात. या तिन्हींतल्या ठेवींना हा विमा नाही. संस्था बुडाली तर थकलेल्या कर्जाची वसुली होईल तसे आणि तेवढेच पैसे परत येतात, आणि त्यात वर्षे जातात. साडेतीन टक्के जास्त मिळतात ते या जोखमीची किंमत म्हणून मिळतात. चेअरमन सज्जन असणे हे तारण होत नाही. संस्था अडचणीत येते ती कर्जे थकल्यामुळे.

विमा किती? ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपये, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या बेळगाव, खानापूर आणि नंदगड शाखांत वेगवेगळ्या ठेवी केल्या तरी त्या एकत्र धरतात. बँका मात्र वेगळ्या असल्या तर प्रत्येकीत स्वतंत्र ५ लाख. पती-पत्नीच्या संयुक्त नावावरची ठेव एकट्याच्या ठेवीपेक्षा वेगळी धरली जाते. साडेचार लाख ठेवून व्याज मुदतीअखेर घेतले तर तीन वर्षांत रक्कम पाच लाखांवर जाते आणि वरचा भाग उघडा पडतो. म्हणून व्याज तिमाहीला बचत खात्यात काढून घ्या.

तुमच्या १४ लाखांना आमच्या मते पहिली जागा पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. वय ६० पूर्ण असावे, कमाल मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षे, व्याज दर तिमाहीला. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दरांचा आढावा घेते, पण खाते उघडले त्या दिवशीचा दर पाच वर्षे बदलत नाही. ८.२ टक्क्यांनी १४ लाखांवर तिमाहीला २८,७०० रुपये होतात. सगळे मात्र तिथे अडकवू नका. मुदतीआधी खाते मोडले तर दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का मुद्दलातून कापतात. आजारपणासाठी दीड-दोन लाख बँकेत हाताशी असू द्या.

तरीही सोसायटीत काही ठेवायचेच असेल, तर बुडाले तरी घर चालेल एवढीच रक्कम ठेवा आणि आधी वार्षिक अहवाल मागा. त्यात तीन गोष्टी बघा : ऑडिटचा वर्ग, थकबाकीचे प्रमाण, आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. मुदत संपलेली ठेव मागायला गेल्यावर ‘नूतनीकरण करा, अर्धा टक्का जास्त देतो’ असा आग्रह होऊ लागला, तर ठेव मोडण्याची वेळ आली आहे. पिग्मीचेही (रोजच्या बचतीचेही) तसेच. रोज शंभर रुपये भरणाऱ्या दुकानदाराने एजंटच्या वहीवर विसंबू नये. महिन्यातून एकदा संस्थेत जाऊन खात्यात तेवढेच जमा झाले आहेत ना, हे पासबुकात उतरवून घ्यावे.

प्रश्न : कोल्हापूरच्या ओळखीच्या माणसाकडून एमएच-०९ नंबरची जुनी कार स्वस्तात मिळते आहे. निपाणीत वापरायची. नाव चढवायला काय लागेल? (निपाणी)

‘स्वस्तात’ हा शब्द आत्ता वापरू नका. परराज्यातली गाडी इथे कायम ठेवायची तर कर्नाटकाचा आजीवन कर नव्याने भरावा लागतो. तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो आणि कारच्या बाबतीत मोठी रक्कम होते. चिकोडी आरटीओत (केए-२३) आरसीची झेरॉक्स दाखवून हा आकडा आधी काढा, तो किमतीत मिळवा, आणि मग इथल्या नंबरच्या तशाच गाडीशी तुलना करा. अनेकदा फरक उरत नाही.

ठरलेच तर असे जा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव, बँकेचा बोजा, विम्याची आणि फिटनेसची मुदत, दंडाची थकलेली चलने बघा. चासी नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी ताडा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ विक्रेत्याने आधी आणावेत. मग त्याने कोल्हापूर आरटीओतून फॉर्म २८ वर परराज्यासाठीची एनओसी काढायची. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात. नंतर चिकोडीत फॉर्म २७ वर नवा नंबर मागायचा, कर भरायचा, तपासणीला गाडी न्यायची आणि नव्या नंबरची हाय सिक्युरिटी प्लेट बसवायची. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची असेल तर नवा नंबर घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तो मिळाल्यावर महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हा परतावा कोणी घ्यायचा ते व्यवहाराच्या कागदावरच लिहून ठेवा.

पैशाचा शेवटचा भाग एनओसी हातात आल्यावरच द्या. एनओसीविना गाडी घरी आणून वर्षानुवर्षे एमएच नंबरवरच फिरवणारे पुष्कळ आहेत, आणि नुकसान दोन्हीकडचे होते. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकणाऱ्यालाही हे सांगा, म्हणजे तो स्वतःहून घाई करील. तुमच्या बाजूने, खरेदीनंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करा. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे नावबदलाच्या वेळी विमा कंपनी फरकाची रक्कम मागेल.

गाडी तेरा-चौदा वर्षांची असेल तर सोडून द्या. पंधराव्या वर्षी नोंदणी नूतनीकरण आणि फिटनेसचा खर्च लगेच दारात येतो.

प्रश्न : कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेमुळे वीजबिल शून्य येते. उन्हाळ्यात मात्र बिल येते. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे आणि फाइव्ह स्टार फ्रिज घेऊ का? (वडगाव, बेळगाव)

आधी हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलावर तुमची मोफत युनिटची मर्यादा बघा. २०२२-२३ मधली मासिक सरासरी अधिक १० टक्के अशी ती ठरली आहे. सरासरी ११० असेल तर १२१ युनिट मोफत. १३५ वापरले तर वरच्या १४ युनिटचे बिल येते. २०० ओलांडले तर मात्र त्या महिन्याचे सगळेच बिल भरावे लागते. म्हणजे १९९ युनिटला ७८ युनिटचे पैसे, आणि २०५ झाले की २०५ चे. सहा युनिटपायी १२७ युनिटचे पैसे वाढतात.

यावरून निर्णय सोपा होतो. ज्या महिन्यांत तुम्ही मर्यादेच्या आत आहात, त्या महिन्यांत वाचवलेल्या युनिटचा एक रुपयाही मिळत नाही. एप्रिल-मे मध्ये २०० च्या आसपास जात असाल तर पंखे जरूर बदला. साधा पंखा ७५ वॉट, बीएलडीसी ३० वॉट. रोज दहा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट, तीन पंख्यांत चाळीस युनिट वाचतात. रात्रभर चालणारा पंखा आधी बदला, बाकीचे जुने बिघडतील तसे.

फ्रिजच्या बाबतीत तारे मोजू नका, लेबलवरचे ‘वर्षाला इतके युनिट’ वाचा. एकावर २५० आणि दुसऱ्यावर १८० असेल तर फरक महिन्याला सहा युनिटांचा. युनिटला ६ रुपये धरले तरी वर्षाला ४२० रुपये. त्यासाठी पाच हजार जास्त मोजले तर ते वसूल व्हायला बारा वर्षे लागतील. दोन किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला की महिन्याला ३० युनिट होतात. बिल कमी करायचे तर आधी गिझरकडे लक्ष द्या.

प्रश्न : लग्नाचे दागिने करायचे आहेत. एक सराफ मजुरी ८ टक्के सांगतो, दुसरा १२. पहिल्याकडे जावे का? (चिकोडी)

पहिल्याला विचारा, ‘घट (घडवताना वाया जाणारे सोने) वेगळी धरता का?’ ८ टक्के मजुरी आणि ६ टक्के घट म्हणजे १४ झाले. दुसऱ्याच्या १२ मध्ये सगळे येत असेल तर तोच स्वस्त.

त्याहून मोठा फरक वजनात पडतो. हिशेब सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरा. मंगळसूत्राचे एकूण वजन २० ग्रॅम, त्यात काळे मणी आणि दोरा १.२ ग्रॅम. सोने १८.८ ग्रॅमच. २० ग्रॅमचा भाव लावला तर १२,००० रुपये मण्यांचे गेले, वर त्यावर मजुरी आणि ३ टक्के जीएसटीही. बिलावर एकूण वजन, खड्या-मण्यांचे वजन, निव्वळ सोने, कॅरेट, त्या दिवसाचा भाव आणि मजुरी हे सगळे वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या.

दागिन्यावर तीन खुणा हव्यात : बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. दुकानातच भिंगाखाली तो वाचून बीआयएस केअर ॲपवर टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळली पाहिजे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे चमकी किंवा बारीक टॉप्स घेताना दुकान पारखून घ्या. हॉलमार्किंगचे शुल्क नगाला ४५ रुपये आणि जीएसटी एवढेच आहे, शेकड्यात आकारले तर विचारा. हॉलमार्क असूनही सोने कमी कसाचे निघाले, तर शुद्धतेतल्या तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो, पण त्यासाठी पक्के बिल लागते. कच्च्या चिठ्ठीवर तीन टक्के वाचवणारा हा हक्क गमावतो.

जुन्या सोन्याची मोड देताना वितळवण्याआधी आणि नंतरचे वजन तुमच्या समोर झाले पाहिजे.

प्रश्न : शेजारणीने ‘तुझ्या नावावर गटकर्ज उचल, हप्ते मी भरते’ म्हटले. अर्धे पैसे तिने घेतले. आता ती भरत नाही आणि वसुलीवाले रात्री दारात बसतात. (हुक्केरी तालुका)

ताई, कर्ज तुमच्या नावावर आहे, त्यामुळे कंपनीच्या लेखी पूर्ण रक्कम तुम्हीच देणे लागता. शेजारणीशी झालेले बोलणे कंपनीला बांधत नाही. तिच्याकडून किती येणे आहे ते आजच लिहून, तिची सही आणि दोन साक्षीदार घेऊन ठेवा. फोनवर पैसे पाठवले असतील तर ते व्यवहार जपून ठेवा.

वसुलीला मात्र मर्यादा आहे. मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे अशा गटकर्जाच्या, कर्जदाराला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी गाठता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास हेही चालत नाही. कर्नाटकात जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला असून त्यात सहा महिने ते दहा वर्षे कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. तारीख-वेळ लिहून पोलीस ठाण्यात तक्रार द्या. त्याने नोंदणीकृत कंपनीचे कर्ज माफ होत नाही, त्रास थांबतो. कंपनीला लेखी कळवा, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते, माहितीसाठी क्रमांक १४४४८. जुने फेडायला दुसऱ्या गटातून नवे कर्ज उचलू नका. घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हा नियम कंपन्यांनाच घातलेला आहे.

प्रश्न : कोल्हापुरात घेतलेले वॉशिंग मशीन तीन महिन्यांत बिघडले. दुकानदार म्हणतो, ‘तक्रार करायची तर कोल्हापुरात या.’ (निपाणी)

जाण्याची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो बेळगावचा. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, तिथे मराठीत बोलता येते. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. नाहीच मिटली तर दुकान आणि कंपनी दोघांनाही १५ दिवसांची मुदत देऊन रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा आणि नंतर ई-जागृती पोर्टलवर किंवा आयोगात तक्रार दाखल करा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत जोडा : पक्के बिल, वॉरंटी कार्ड, सर्व्हिस सेंटरची प्रत्येक जॉबशीट आणि नोटिशीची पोचपावती. मेकॅनिक घरी येऊन गेला की जॉबशीटवर बिघाड काय होता ते त्याच्याकडून लिहून घ्या. ‘तपासले, ठीक आहे’ एवढेच लिहिलेल्या कागदावर सही करू नका.